नव्या कोंबड्या आणि जुने खुराडे



ऊस बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात चार खरेद्या ठरलेल्या असतात. त्यात अलीकडे जातिवंत कोंबड्यांची भर पडली आहे. कोणी ऱ्होड आयलंड रेड आणतो, कोणी व्हाइट लेगहॉर्न, तर कोणी मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथ. जोडधंदा वाढला पाहिजे हे आम्ही नेहमीच म्हणत आलो. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. ऱ्होड आयलंड रेडला खाणेपिणे नीट मिळाले तर ती २०० च्या वर जाते. तेव्हा या हौसेला आमचा विरोध नाही. आमची तक्रार आहे ती आणण्याच्या रीतीबद्दल.

बाजारातून कोंबड्या डालग्यात घालून आणायच्या आणि दिवस मावळताना जुन्या खुराड्यात सोडून द्यायच्या, ही ती रीत. आम्हीही हेच केले. आठ तलंगा नव्या, चौदा कोंबड्या घरच्या. आठवडा गेला नाही तोच एक तलंग मान वाकडी करून बसली. मग हिरवट हगवण, लोळणारे पंख. मानमोडी! राणीखेत म्हणतात तो हाच रोग. डॉक्टर आले, पण रोग आल्यावर त्यावर औषध नाही. पंधरा दिवसांत खुराड्यात दोन कोंबड्या उरल्या.

तलंगांचे पैसे आमचे गेले. पण त्या चौदा कोंबड्या घरातल्या बाईच्या होत्या. उसाच्या बिलातून सोसायटी वजा होते, उरलेले बँकेत राहते आणि हिशेब आपण पुरुष मंडळी करतो. अंड्याचा पैसा मात्र रोख तिच्या हातात पडतो. पोरांच्या वह्या, तेल-मीठ, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे त्यातूनच निघते. "तुमच्या हौसेपायी माझं खुराडं बसलं," एवढेच ती म्हणाली. यावर आम्ही काय बोलणार?

आपण बेणे आणताना कसे वागतो पाहा. काणीचा फड असेल तर त्यातले एक टिपरूसुद्धा घेत नाही. बेणे मळ्यातले शुद्ध बेणे आणले तरी बेणेप्रक्रिया केल्याशिवाय सरीत टाकत नाही. मग कोंबडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते? जात शुद्ध असली म्हणजे कोंबडी निरोगी असतेच असे नाही.

आमचे म्हणणे असे. नव्या कोंबड्या आणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरच्या निरोगी कोंबड्यांना लस द्यावी. नव्या घेताना कोणती लस कधी दिली हे विकणाऱ्याला विचारावे. "सगळं झालंय" एवढ्या उत्तरावर पैसे मोजू नयेत. घरी आणल्यावर त्या तीस दिवस लांब, वेगळ्या गोठ्यात किंवा छपरात ठेवाव्यात. दाणापाणी आधी जुन्यांना द्यावे, मग नव्यांना. भांडी आणि पायातल्या चपलासुद्धा वेगळ्या असाव्यात. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा पाहाव्यात. महिना निर्धोक गेला की आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्यावे आणि मग रात्री अंधारात खुराड्यात सोडावे. एकटी कोंबडी कधी सोडू नये, जुन्या तिला टोचून रक्तबंबाळ करतात. तीन-चार एकदम सोडाव्यात आणि पाण्याची भांडी दोन ठेवावीत.

आणखी एक. नव्या आल्या म्हणून गावरान मोडीत काढू नका. लेगहॉर्न सहसा खुडूक बसत नाही. तिची अंडी उबवायला गावरानच लागते. जात शुद्ध राखायची असेल तर त्या कोंबड्यांत दुसरा कोंबडा फिरकू देऊ नये. तो वेगळा केल्यावरही तीन आठवड्यांपर्यंत त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो. तोवरची अंडी खावीत, उबवू नयेत.

आता मुख्य अडचण. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पंधरा कोंबड्यांसाठी एवढी कुपी कोण फोडणार? म्हणून कोणीच लस देत नाही. अहो, याच कामासाठी तर आपण सहकार शिकलो! एकट्याला कारखाना काढता आला नाही, म्हणून शेअर गोळा केले. वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवावे आणि पहाटे कोंबड्या खुराड्यात असतानाच काम उरकून घ्यावे. शेजाऱ्याची कोंबडी आपल्या उकिरड्यावर येतेच. तिचा रोगही येतो. कारखान्याच्या शेतकी विभागाने गटवार असे दिवस ठरवून दिले, तर खर्च थोडा आणि उपयोग घरोघरी होईल. संचालक मंडळाने याचा विचार करावा.

आणि सभासद बंधूंनो, नवी कोंबडी आणण्याआधी जिचे खुराडे आहे तिला एकदा विचारा. आम्ही विचारले नव्हते.