सायकलची वाट आणि तिचा कागद

जालन्यात सायकल मार्गाचा विषय निघाला की पहिली अडचण जागेची सांगितली जाते. जुना जालना आणि नवीन जालना यांच्यामधून कुंडलिका वाहते. दोन्हीकडचे जुने रस्ते अरुंद, आणि रुंदीकरण म्हटले की भूसंपादन, मोबदला, कोर्टकचेरी आलीच. पण सायकलला दोन-अडीच मीटर पुरतात. निजामकाळातल्या घाणेवाडी जलाशयातून नवीन जालन्याला पाणी उताराने येते. त्या जलवाहिनीलगतची आणि कुंडलिकेच्या काठची जी जमीन सार्वजनिक मालकीची आहे, ती विकत घ्यावी लागत नाही. मालकी जिथे आहे तिथेच राहू द्यावी, लोकांना फक्त जाण्यायेण्याचा हक्क द्यावा.

मात्र हा हक्क तोंडी ठेवून चालणार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वाटेचा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. शेतकऱ्याला शेजारच्या बांधावरून वाट मिळते ती त्याच्या शेतासाठी. गावभरच्या सायकलस्वारांच्या मागे असे शेत नाही. नुसती परवानगी दिली तर तो परवाना ठरतो आणि काही अपवाद सोडले तर देणाऱ्याला तो केव्हाही मागे घेता येतो. आज एका साहेबांनी हो म्हटले, उद्या दुसरे आले की फाटकाला कुलूप! म्हणून १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यातच हा मार्ग दाखवायला हवा. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नव्या कारभाराला हे काम शोभेल. शब्दांचा काटेकोरपणा किती लागतो ते अमेरिकेत दिसले. रेल्वेने सोडलेल्या लोहमार्गावर तिथे सायकलवाटा होतात. पण वायोमिंगमधल्या अशा एका पट्ट्याबाबत २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १८७५ च्या कायद्याने रेल्वेला फक्त वाटेचा हक्क मिळाला होता, रेल्वे गेली तसा तोही संपला. जमीन खासगी मालकाकडे राहिली आणि सरकार हरले.

वाट मोकळी केली की टपऱ्या बसतील, ही भीती जालन्यात खोटी म्हणता येणार नाही. पण अतिक्रमण आधी होते ते पडीक, बेवारस वाटणाऱ्या जागेवर. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले, आणि तिथेच पुढे ३९ किलोमीटर सायकल मार्गाची योजना आखली गेली. जलवाहिनी फुटली तर? जालन्याच्या मार्गाला मंजुरी देणाऱ्या आदेशातच लिहावे, की दुरुस्तीसाठी वाट बंद करण्याचा आणि खोदण्याचा पहिला अधिकार पाणीपुरवठा विभागाचा. नदीकाठी बांधकाम नको, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पवई तलावावरचा सायकल मार्ग उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. तेव्हा कुंडलिकेच्या पात्रात भराव टाकून वाट करायची असेल तर ती नसलेलीच बरी. पूररेषा सोडून, काँक्रीटशिवाय जमेल तेवढीच करावी.

राहिला प्रश्न, सायकल चालवतो कोण? मानव विकास कार्यक्रमात सरकार शाळकरी मुलींना सायकली देते आणि जालना त्या कार्यक्रमातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी आहे. सायकल सरकारी खर्चाने द्यायची आणि ती चालवायला ट्रकच्या रस्त्यावर सोडायचे, यात कुठली काटकसर?