आधी पाण्याला खाऊ घाला, मग माशांना

शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकऱ्याला बोटुकलीचा भाव तोंडपाठ असतो. पण हंगाम संपल्यावर ‘पैसा गेला कुठे?’ असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा एकच येते: खाद्यात. मत्स्यशेतीच्या चालू खर्चातला निम्मा, कधी त्याहूनही मोठा वाटा खाद्याचा असतो. पोती उधारीवर येतात. मासळी विकली की आधी दुकानदाराचे बिल भागते, उरले तर घराला.

राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून हजारो तळी खोदली गेली. २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण तळ्यातल्या माशाने खायचे काय, या साध्या प्रश्नाकडे सल्ला देणाऱ्यांचेही लक्ष कमीच असते. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे वाढवायचे असतील, तर त्यांच्या खाद्याचा मोठा भाग तळ्यात आणि बांधावरच तयार होऊ शकतो. मात्र त्याला हिशेब लागतो. मोबाइलवरच्या ‘शून्य खर्चात लाखोंचे उत्पन्न’ छापाच्या व्हिडिओंमध्ये नेमका तोच नसतो.

तळ्यात आपोआप काय पिकते?

तळे ही मत्स्यशेतकऱ्याची जमीनच आहे. पाण्याला खत आणि ऊन मिळाले की त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव जगतात. या दोन्हींना मिळून प्लवंग म्हणतात. कटला वरच्या थरात राहून त्यातले सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी कुजलेला पाला आणि गाळातले अन्न टिपतो. चंदेरा हिरव्या प्लवंगावर जगतो, तर गवत्याला पाला लागतो. एका पंगतीत प्रत्येकाचे ताट वेगळे असते, म्हणूनच या जाती एकत्र सोडतात.

पण पंगतीत पाने किती मांडायची, हे आधी ठरवावे लागते. नैसर्गिक अन्न आणि थोडे पूरक खाद्य यांवर हेक्टरी साधारण ५ हजार बोटुकली पोसता येते. ३० बाय ३० मीटरचे शेततळे म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात ४५० मासे बसतात. प्रत्यक्षात अनेक जण ‘थोडे मरतील’ म्हणून दीड-दोन हजार सोडतात. तिथेच गणित बिघडते. गर्दी झाली की तळ्यातले अन्न पुरत नाही, मासा खुरटतो आणि पोत्यांची रांग लागते.

शेण किती, कधी?

बीज सोडण्यापूर्वी सुमारे पंधरा दिवस आधी हेक्टरी २ टन या हिशेबाने शेण टाकतात. आपल्या ९०० चौरस मीटरसाठी ते १८० किलो होते. त्यानंतर आठवड्याला १५ ते २० किलो पुरते. एकदम ट्रॉली रिकामी करू नये. शेण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. ढगाळ हवेत प्रकाश कमी पडतो, हिरवे प्लवंग पुरेसा प्राणवायू तयार करत नाही आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा दिवसांत शेण बंद, खाद्यही बंद.

मोजमापाला यंत्र लागत नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तळहात कोपराच्या खोलीवर दिसेनासा झाला, तर पाणी ठीक. मनगट बुडताच दिसेनासा झाला, तर पाणी जास्त हिरवे झाले, शेण थांबवा. कोपर बुडूनही स्वच्छ दिसत असेल, तर पाणी उपाशी आहे. गढूळ पाण्यात मात्र ही खूण फसवते, कारण तिथे हात मातीने झाकला जातो.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांची अडचण वेगळी आहे. तिथे माती नाही, त्यामुळे तळातून मिळणारे पोषण आणि मृगळासारख्या माशाचे अन्नही कमी. अशा तळ्यात शेण गोणीत भरून दोरीने पाण्यात लटकवावे, म्हणजे अर्क हळूहळू उतरतो आणि चोथा तळाशी साचत नाही. तळ्याचे पाणी ठिबकला जात असेल, तर हिरव्या पाण्याने नळ्या तुंबतात. वाळूची गाळणी नसेल, तर ही वाट न धरलेलीच बरी.

अझोला खरेच पुरतो का?

अझोलाचे कौतुक खोटे नाही. त्याच्या पानांत राहणारी नीलहरित शेवाळे हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून तो झपाट्याने वाढतो. वाळवलेल्या अझोलात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. गफलत होते ती ‘वाळवलेल्या’ या शब्दावर. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. १० किलो ताजा अझोला काढला, तर त्यात सुके पदार्थ जेमतेम ६०० ग्रॅम आणि प्रथिने दीडशे ग्रॅमच्या आसपास. तेवढी प्रथिने ४०० ग्रॅम शेंगदाणा पेंडीत मिळतात. म्हणून अझोला पेंडीची बचत करतो, पेंडीची जागा घेत नाही.

हिरव्या चाऱ्याचा खरा धनी गवत्या. ४५० माशांत ४०-४५ गवत्ये सोडले, तर कोवळे नेपियर, लसूणघास, अझोला, भाजीचा पाला हे सगळे ते फस्त करतात. त्यांची विष्ठा अर्धवट पचलेली असते. तिचेच खत होऊन प्लवंग वाढते आणि बाकीच्यांचे पोट भरते. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. फवारणी केलेला पाला तळ्यात टाकू नये. काही कीटकनाशकांचा अंशही माशांना मारक ठरतो.

मग पेंड-कोंडा कशासाठी?

मासे मोठे होतात तसे नैसर्गिक अन्न अपुरे पडते. तेव्हा भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मे-निम्मे मिसळून देतात. प्रमाण माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. ४५० मासे सरासरी २०० ग्रॅमचे झाले, तर एकूण वजन ९० किलो, म्हणजे दिवसाला दोन ते पावणेतीन किलो खाद्य. सरासरी वजन कळायला महिन्यातून एकदा जाळे टाकून काही मासे तोलावे लागतात. मिश्रण भिजवून गोळे करून ट्रेमध्ये ठेवावे, नाहीतर भोके पाडलेल्या गोणीत भरून खुंटीला बांधावे. दोन तासांनी उरलेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. पाण्यात भिरकावलेली पेंड मासा कमी खातो, तळ जास्त खातो. बुरशी लागलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, त्यातले विष माशाच्या यकृतावर जाते.

पोत्यातले खाद्य वाईट आहे का?

नाही. तरंगणाऱ्या गोळ्यांचे पोषण मोजलेले असते, मासा किती खातो ते डोळ्यांना दिसते, वाढही वेगाने होते. पंगस दाटीने वाढवायचा असेल किंवा धरणातल्या पिंजऱ्यात मासे ठेवायचे असतील, तर गोळ्यांना पर्याय नाही. पिंजऱ्यातला मासा गवत शोधायला बाहेर जाऊ शकत नाही. आक्षेप आहे तो वेगळाच. ज्याचे तळे नऊ गुंठ्यांचे, पाणी सात-आठ महिन्यांचे आणि भांडवल उधारीचे, त्यालाही पिंजऱ्याचेच गणित शिकवले जाते. त्याला जास्तीत जास्त मासा नको असतो, हातात उरणारा पैसा हवा असतो.

मग अडते कुठे?

खोदाई, अस्तर, बीज यांच्यासाठी योजना असतात, कारण त्यांचे बिल फाइलला लावता येते. शेण किती टाकावे आणि कधी थांबावे, याचे बिल होत नाही. म्हणून ते शिकवायलाही कोणी बांधापर्यंत येत नाही. हे बदलायचे तर फार खर्च नाही. प्रत्येक तालुक्यात एक प्रात्यक्षिक तळे घरच्या खाद्यावर चालवावे आणि त्याचा जमा-खर्च, मेलेल्या माशांसह, फलकावर लिहावा. माती परीक्षणासारखीच तळ्याच्या पाण्याची तपासणी गावाजवळ मिळावी. पेंड-कोंडा दळून मिसळण्याचे छोटे यंत्र मच्छीमार संस्थांना आणि बचतगटांना मिळावे.

शेतकऱ्याला गाईचा चारा कळतो, बैलाची ढेप कळते. मासाही त्याच दावणीचा आहे, फक्त त्याची दावण पाण्याखाली असते आणि तिथे काय उरले ते चटकन दिसत नाही. ते पाहायला शिकवणे, हे खाद्याच्या अनुदानाइतकेच मोलाचे काम आहे.