मण्यांचे बटवे आणि विद्वानांच्या भिवया

जुनीं नाणीं जमवील तो संशोधक, आणि तींच नाणीं ज्या बटव्यांत खुळखुळलीं तो बटवा जमवील ती बाई मात्र हौशी, असा न्याय आमच्या सुशिक्षित समाजांत अद्यापि बिनदिक्कत चालतो. युरोपांतील एकोणिसाव्या शतकांतल्या मण्यांच्या बटव्यांचा संग्रह म्हटला कीं विद्वानांच्या भिवया उंचावतात. ‘बायकी छंद’ एवढा शेरा मारला कीं परीक्षण आटोपलें! ह्या शेऱ्यांत तुच्छता आहे तितकेंच अज्ञानहि आहे.

विणलेला बटवा तयार कसा होई तें पाहा. चौकटींच्या छापील नमुन्यावरून व्हेनिसचे वा बोहेमियाचे मोहरीहूनहि बारीक मणी प्रथम रेशमी दोऱ्यांत ओवावयाचे, आणि तेहि उलट क्रमानें. कारण शेवटीं ओवलेला मणी विणतांना पहिला येतो. हजारों मणी ओवून झाल्यावर मग तारेसारख्या सुयांवर विणकामास आरंभ! ओवण्यांत एक मणी चुकला तर गुलाबाची पाकळी पानांत जाऊन बसते. अठराव्या शतकांतील फ्रान्समधल्या कांहीं पिशव्यांत तर चौरस इंचास हजारांवर मणी भरतात. मोडी कागदाची एक ओळ लावण्यांत ज्यांना पुरुषार्थ वाटतो, त्यांनीं हें काम एकदां भिंगाखालीं धरावें.

पण आमचा मुख्य मुद्दा कलाकुसरीचा नव्हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस झिरझिरीत, अंगाबरोबर बसणाऱ्या झग्यांची टूम निघाली. झग्याआड कमरेस बांधावयाचे खिसे मावेनात, आणि पिशवी स्त्रीच्या हातांत उघड आली. तिच्यांतला पैसा कोणाचा? मिलिसेंट फॉसेट ह्या स्त्रीहक्कवादिनी विदुषींचा बटवा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर एका भामट्यानें लांबविला. (तो मण्यांचा होता असें आमचें म्हणणें नाहीं.) खटल्यांत आरोप ठेवला गेला तो असा कीं, बाईंच्या अंगावरून चोरलेला हा माल त्यांच्या यजमानांच्या मालकीचा! १८८२ चा कायदा होईपर्यंत तेथील विवाहितेची स्थिति बहुतांशीं हीच होती. विणणारी ती, आंतला शिलिंग नवऱ्याचा. शिलिंगावरचा राजाचा चेहरा पाहून हें कळावयाचें नाहीं.

संग्राहकांनाहि आम्ही मोकळें सोडीत नाहीं. तितके बारीक मणी आतां होत नाहींत; म्हणून एक बटवा ‘दुरुस्त’ करण्यास दुसरा फाटका बटवा उसवितात. एका पोथीचीं पानें फाडून दुसरीस जोडण्यासारखाच हा उद्योग! कोणी ते खिळ्यास टांगतात, आणि मण्यांच्या भारानें जुनें रेशीम तुटतें. कोऱ्या करकरीत नगास भाव अधिक. वस्तुतः झिजलेला नगच अधिक बोलतो.

खासगी संग्रहांतून उभें राहिलेलें अ‍ॅम्स्टरडॅमचें पिशव्यांचें संग्रहालय २०२० सालीं बंद पडलें. पुण्यांत दिनकर केळकरांनीं जमविलेले दिवे नि अडकित्ते आपण पाहुण्यांस अभिमानानें दाखवितों, पण घरच्या फडताळांतलीं मण्यांचीं तोरणें, आजीचे बटवे मात्र भंगारांत! तीं कोणीं, कोणत्या सालीं, कोणाच्या लग्नासाठीं केलीं हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर एका चिठ्ठीवर तेवढें लिहून वस्तूबरोबर ठेवण्याचे कष्ट तरी ह्या भिवया उंचावणारांनीं घ्यावे.