जिवंत औषध जिवंतच मिळाले पाहिजे

टोमॅटोची झाडे दुपारी माना टाकतात, पाणी असूनही पाने पिवळी पडतात, फळ बारीक राहते. खत वाढवले तरी फरक पडत नाही. अशा वेळी एक झाड मुळासकट अलगद काढून पाहावे. मुळांवर गाठी दिसल्या, तर बहुधा दोष खताचा नसतो. जमिनीत सूत्रकृमी असतात. कडधान्यांच्या मुळांवरील उपयुक्त गाठी नखाने सहज सुटतात. या सुटत नाहीत, कारण त्या मुळाच्याच फुगलेल्या पेशी असतात.

टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची, काकडी या सर्व पिकांवर हा कृमी जगतो. एक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात नवी पिढी तयार होते. त्यावर शेतकरी अनेक वर्षे फोरेट, म्हणजे ‘थायमेट’, मातीत टाकत असत. हे अतिविषारी औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले. ते टाकणाऱ्या हातांसाठी आणि भाजी खाणाऱ्या आपल्यासाठी हा निर्णय योग्यच होता.

त्याला पर्याय आहे. पॅसिलोमायसिस ही बुरशी सूत्रकृमींच्या अंड्यांत शिरून ती निकामी करते. ट्रायकोडर्मा मुळांभोवती वाढून त्यांचे रक्षण करते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अशा बुरशींवर बरेच काम केले आहे. झेंडूचे फेरपालट आणि निंबोळी पेंड यांचीही साथ मिळते.

तरीही अनेक शेतकरी ‘जैविक औषधाचा गुण येत नाही’ म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही. गाठी दिसू लागल्यावर बुरशी टाकून त्या जिरत नाहीत. सुरुवात रोपवाटिकेतच करावी लागते. लागवडीपूर्वी ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून, ढीग सावलीत ओलसर ठेवून वाढू द्यावी लागते. हे काम फवाऱ्याचे नाही, विरजणाचे आहे.

पण विरजणच मेलेले असेल तर? ट्रायकोडर्माच्या १ ग्रॅम भुकटीत किमान २० लाख जिवंत घटक असावेत, असे मानक आहे. मात्र पत्र्याच्या तापलेल्या दुकानात महिनोन् महिने पडलेल्या पुड्यात त्यातले किती उरतात? कारखान्यातून निघताना केलेली तपासणी इथे पुरेशी नाही. कृषी विभागाने नमुने दुकानातून, तेही भर उन्हाळ्यात घ्यावेत आणि त्यांचे निकाल गावागावांत लावावेत. शेतकऱ्यानेही पुड्यावरची मुदत पाहूनच पैसे मोजावेत.

विषारी औषधावर बंदी एका आदेशाने घालता येते. शेतकऱ्याचा विश्वास मात्र दर हंगामात कमवावा लागतो. दोनदा फसलेला शेतकरी तिसऱ्यांदा पुन्हा विषाकडेच वळेल आणि त्याचा अंश आपल्या ताटापर्यंत येईल.