विश्लेषण : रोमन सुवर्णनाणे अस्सल आहे हे कसे ठरते? रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठी ते का महत्त्वाचे?

ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रुटसने इसवी सनपूर्व ४२ च्या सुमारास पाडलेले एक सोन्याचे नाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला विकले गेले. नाणे अत्यंत दुर्मीळ होते, पण ते कुठून आले याची माहिती बनावट निघाली. अमेरिकेत ते जप्त झाले आणि मार्च २०२३ मध्ये ग्रीसला परत गेले. ‘जुने नाणे विका, लखपती व्हा’ अशा रील्समध्ये हीच बाजू सांगितली जात नाही. नाणे कोणते, याइतकेच ते कुठे सापडले हे महत्त्वाचे असते. रत्नागिरीच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे.

रत्नागिरीचा रोमशी संबंध काय?

पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण आणि चौलनंतर मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझिगारा अशी बंदरे येतात. बाणकोट, दाभोळ आणि जयगड हीच ती ठिकाणे, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना ते मान्य नाही. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनाशी बदलताना त्यावर नफा मिळे, असेही हा ग्रंथ सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात ३५ कार्षापणांचा एक ‘सुवर्ण’ असा दर आहे. हा ‘सुवर्ण’ रोमन की कुषाण, यावर वाद आहे.

नाणे ओळखतात कसे?

पहिली कसोटी वजनाची. सम्राट ऑगस्टसच्या काळातले ‘ऑरियस’ हे सोन्याचे नाणे साधारण ७.८ ग्रॅमचे असे. इसवी सन ६४ च्या सुमारास नीरोने ते सुमारे ७.३ ग्रॅमवर आणले. चौथ्या शतकातला कॉन्स्टंटाइनचा ‘सॉलिडस’ जेमतेम साडेचार ग्रॅमचा.

दुसरी कसोटी मजकुराची. सम्राटाच्या नावाभोवती त्याच्या पदव्या कोरलेल्या असतात. ‘ट्रिब्युन’चा अधिकार कितव्यांदा मिळाला, हा आकडा दरवर्षी वाढत असे. तो दिलेला असेल, तर नाण्याचे वर्षही काढता येते. चित्र आणि मजकूर ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचीशी ताडून पाहतात. तिचा पहिला खंड १९२३ मध्ये आला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ऑनलाइन सूची आता मोफत पाहता येते.

तिसरी कसोटी धातूची. सुरुवातीच्या ऑरियसमधले सोने जवळजवळ शुद्ध असल्याने त्याची घनता १९.३ च्या जवळ येते. नाणी ठोकून बनवलेली असत. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ओतीव नकलेचा संशय येतो.

भोक किंवा चीर असली तर नाणे खोटे?

नाही. तमिळनाडूतील पुदुकोट्टई भागात १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच चीर मारलेली आहे. काही नाणी भोक पाडून दागिना म्हणून वापरली गेली. व्हेनिसची नाणी पुढे आपल्याकडे ‘पुतळ्या’ म्हणून माळेत ओवली गेली, तसाच हा प्रकार. रोमन नाण्यांच्या नकला प्राचीन भारतातही होत असत आणि त्यांनाही ऐतिहासिक मोल आहे.

नाणे सापडले तर कायदा काय सांगतो?

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ मालक मिळाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा.

अडचण पुढे आहे. सरकारने ठेवा घ्यायचे ठरवले, तर मोबदला मिळतो तो धातूच्या किमतीइतका आणि वर तिचा एक पंचमांश. ७.८ ग्रॅमचे नाणे कितीही दुर्मीळ असो, हिशेब सोन्याच्या भावानेच होतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याखाली संग्रहालयाने ठेवा घेतला, तर बक्षीस बाजारभावाच्या आधारे ठरते. आपल्याकडे प्रामाणिकपणाला फारसा मोबदला नसल्याने नाणे सराफाकडे वितळण्याची किंवा गुपचूप संग्राहकाकडे जाण्याची भीती राहते.

मग तोटा कोणाचा?

दाभोळच्या खाडीकाठी एखादे रोमन नाणे मिळाले, म्हणून तिथे पालैपत्मै होते असे सिद्ध होत नाही. नाणी हातोहात दूरवर जातात. पण ते मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत मिळाले याची नोंद झाली, तर बंदराच्या वादात तो भक्कम पुरावा ठरू शकतो. म्हणून नाणे दिसल्यास घासूनपुसून चकचकीत करू नये, आणखी खोदू नये. जागेचा फोटो काढावा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. जागेची नोंद हरवली, की हातात उरते ते फक्त काही ग्रॅम सोने.