चुकलेला अर्ज, गेलेला क्रमांक
महाडीबीटी पोर्टलवर ठिबक सिंचनासाठी केलेल्या अर्जांची निवड 2025पर्यंत संगणकीय सोडतीने होत असे. त्यानंतर ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली. सोडतीत नाव न लागलेला अर्ज पुढच्या सोडतीसाठी कायम राही. आता मात्र अर्जाची तारीख हीच शेतकऱ्याची पत, आणि अर्ज रद्द होऊन नवा करावा लागला की ती तारीखही नवीच. बारामती-इंदापूरच्या उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला ठिबक म्हणजे चैन नव्हे. नीरा डावा कालवा आवर्तनावर चालतो आणि सुप्याकडचा पट्टा तर जिरायतीच. त्यामुळे क्रमांक गेला की हंगामही हातचा जातो. चुका बहुधा किरकोळ असतात: आधारवरचे नाव एक, सातबाऱ्यावरचे दुसरे, विहिरीची नोंदच नाही, निवडीनंतर कागदपत्रे मुदतीत चढवली नाहीत. सर्वांत महागात पडते ती घाई. पूर्वसंमती मिळण्याआधी संच खरेदी केला, तर केंद्र व राज्याचे मिळून अल्पभूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्क्यांपर्यंत मिळणारे अनुदान बुडते. आणि हे सारे ज्यावर अवलंबून, त्या अर्जाचे शुल्क आहे 23 रुपये 60 पैसे.