घोरणे थांबले, पण श्वासाचे काय?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणाऱ्या मार्गासनीत रात्र लवकर निवते. त्या शांततेत ओसरीवरील आजोबांचे घोरणे माजघरापर्यंत ऐकू येते आणि 'कशी गाढ झोप लागली आहे!' असे कौतुकही होते. परंतु वाचकहो, मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. अरुंद झालेल्या वाटेतून श्वास ओढण्याची ती धडपड असते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मृदू टाळू, पडजीभ व जिभेचा मागील भाग श्वासमार्गावर झुकतात आणि हवेच्या झोताने थरथरतात. काहींत हा मार्ग पूर्ण मिटतो. घोरणे एकाएकी थांबते, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडतो आणि मग घुसमटून पुन्हा सुरू होतो. हाच 'स्लीप ॲप्निया'. त्यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता.

'मग एकदा गळ्याची शस्त्रक्रियाच का करून टाकू नये?' हा प्रश्न साहजिक आहे. पडजीभ व मृदू टाळूचा काही भाग काढून, टॉन्सिल असल्यास तेही काढून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया डॉ. फुजिता यांनी १९८१ साली अमेरिकेत रूढ केली. टॉन्सिल मोठे असतील, तर तिचा चांगला उपयोग होतो. मात्र अडथळा जिभेच्या मागे असेल, तर टाळू कापून तो कसा दूर होणार? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ॲप्नियाच्या सरसकट रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच पुरेसा लाभ झाल्याचे दिसले.

त्याहून महत्त्वाचा धोका निराळाच आहे. टाळूची थरथर थांबल्याने आवाज बंद होतो, पण श्वास अडणे चालूच राहू शकते. घरचे निश्चिंत होतात आणि इशारा देणारी घंटाच हरपते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि काही महिन्यांनंतर पुन्हा, निद्रातपासणी आवश्यक आहे. तासाला पाचांहून कमी वेळा श्वास अडणे सामान्य समजतात. तीस किंवा अधिक वेळा अडणे हा तीव्र विकार होय.

वयोवृद्धांनी आणखी काही गोष्टींचा विचार करावा. शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन आठवडे घसा तीव्र दुखतो, गिळणे कठीण जाते. रक्तस्राव, आवाजात बदल, पाणी पिताना ते नाकात येणे असे त्रासही संभवतात. ॲप्निया असलेल्यांना भूल व गुंगीच्या औषधांपासून अधिक जोखीम असते. त्यामुळे भूलतज्ज्ञांना हा विकार आधीच सांगावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. परस्पर बंद करू नये.

मध्यम व तीव्र विकारात प्रथम पसंती असते ती 'सीपॅप' यंत्राला. नाकावरील मुखवट्यातून ते हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवते. योगायोग असा, की तेही १९८१ सालीच ऑस्ट्रेलियात डॉ. सलिव्हन यांनी वैद्यकविश्वापुढे मांडले. त्याच्या जोडीला वजन घटवावे, कुशीवर निजावे, मद्य वर्ज्य करावे आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, घोरणाऱ्यास स्वतःचे घोरणे ठाऊक नसते. त्याचे साक्षीदार आपणच. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पुण्यास जाण्यापूर्वी दोन रात्री जवळ बसून श्वास किती वेळ अडतो ते घड्याळावर पाहा, मोबाइलवर चित्रित करा. सकाळची डोकेदुखी, दिवसा बसल्याबसल्या लागणारी डुलकी यांची नोंद ठेवा. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर एवढे अवश्य विचारा : 'अडथळा नेमका कोठे आहे, आणि आवाजाबरोबर श्वासही सुधारेल का?'